चामडी फ्लाइंग हेल्मेटवर दर पावसाळ्यात येणारा पांढरा थर : आधी ओळखा, मग हात लावा

गणपतीला गावचं घर उघडतं, पोटमाळ्यावरची ट्रंक खाली येते आणि आजोबांची विमानातली चामडी टोपी पांढरी झालेली सापडते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या घरी अशी टोपी आहे, ते दरवर्षी मला हाच प्रश्न विचारतात. बहुतेकदा तोवर घरातल्या कोणीतरी प्रेमाने तिला खोबरेल चोळून उन्हात ठेवलेलं असतं. पुढच्या वर्षी थर आणखी जाड येतो, पुन्हा तेल, पुन्हा ऊन. या फेऱ्यात चांगल्या टोप्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोकणात या टोप्या आल्या तरी कुठून, असं अनेकजण विचारतात. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ची. पहिल्या स्क्वाड्रनची वापिटी विमानं उघड्या कॉकपिटची होती. जुहूच्या धावपट्टीवर १९२८पासून उड्डाणं होत होती, आणि महायुद्धानंतरही कितीतरी वर्षं फ्लाइंग क्लबांमध्ये टायगर मॉथ या उघड्या कॉकपिटच्या विमानावर शिकवत असत. वैमानिक, मेकॅनिक, क्लबातले उमेदवार अशा अनेकांच्या सामानातून टोप्या गावी आल्या. काही मुंबईच्या चोर बाजारातून विकत आणलेल्या आहेत, आणि अलीकडे नव्या नकला ऑनलाइन मिळतात. नकलेचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे येईल.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते आधी कागदावर लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. पुसल्यावर पुरावा उरत नाही.

- पांढरा, करडा किंवा हिरवट बुरा, ठिपक्यांनी पसरलेला, बहुतेक शिवणीच्या खाचेत आणि कानाच्या खिशांवर. सोबत कुबट वास.
- पांढरा पण गुळगुळीत, मेणासारखा थर, वास नाही.
- कपाळाच्या पट्टीवर आणि हनुवटीच्या पट्ट्यावर पावसाळ्यात काळसर ओले डाग. तेच डाग थंडीत पांढरे, खरखरीत.
- हात लावला की बोटाला तांबूस पूड.
- टिचबटणं, बक्कल, रिव्हेट यांच्याभोवती हिरवा चिकट गोळा.
- पृष्ठभाग चिकट, पापुद्रे सुटतात, खाली कापडाची वीण दिसते.
- कानाजवळचं रबर कडक होऊन तडकलेलं किंवा पाघळलेलं.

एकाच टोपीवर दोन-तीन लक्षणं एकत्र असणं अगदी सामान्य आहे. बुरशी आणि तेलाचा थर तर बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

पहिली तपासणी : पूड निघते का?

याला खर्च शून्य. धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा टोपीच्या मागच्या बाजूला, मानेजवळ, हलकाच टेकवून उचला. घासू नका. फडक्यावर विटकरी-तांबूस पूड आली, तर बाकीच्या तपासण्यांपैकी पाणी, अल्कोहोल किंवा तेल लागणारं काहीही करायचं नाही.

ही तपासणी सगळ्यात आधी येते, कारण हा रोग असेल तर इतर उपायच टोपीचं नुकसान करतात. झाडाच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे आतून आंबट होत जातं, त्याचे तंतू तुटतात आणि भुगा सुटतो. गेलेली ताकद परत येत नाही. अशा चामड्याला पाण्याचा थेंब लागला तरी ती जागा काळी पडून कडक होते, आणि तो डाग कायमचा राहतो. पूड निघत असेल तर टोपी मऊ सुती कापडात सैल ठेवा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

पूड नसेल तर भिंगाने चामड्याची कापलेली कड पाहा, म्हणजे कानाच्या खिशाची किंवा पट्ट्याच्या टोकाची. मधला थर निळसर-करडा दिसला तर चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं आहे. महायुद्धाच्या काळातल्या बऱ्याच टोप्या अशा आहेत. ते दमट हवेत थोडं जास्त सोसतं. मधला थर तपकिरी असेल तर प्रत्येक पायरीवर जास्त जपून वागा.

दुसरी : पांढरं नक्की कसलं आहे?

बहुतेक चुका इथेच होतात, त्यामुळे या भागासाठी पुरेसा वेळ ठेवा. तीन वेगळ्या गोष्टी पांढऱ्या दिसतात आणि तिघींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

त्यासाठी मी चमच्याची चाचणी करते. टोपीला काहीही न लावता, दातकोरणीच्या टोकाने पांढऱ्याचा कणभर भाग उचलून स्टीलच्या चमच्यावर ठेवा. चमचा खालून मेणबत्तीवर हळूच तापवा. कण वितळून तेलकट थेंब झाला तर ती चरबी आहे. वितळला नाही तर दुसरा कण घ्या आणि थंड चमच्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. विरघळून नाहीसा झाला तर मीठ. वितळतही नाही, विरघळतही नाही, भिंगाखाली कापसासारखे बारीक तंतू दिसतात आणि कुबट वास आहे, तर बुरशी. टोपीवर ड्रायर मारून थर वितळतो का ते पाहण्याचा सल्ला बरेचजण देतात. जुनं चामडं उष्णतेने आकसतं आणि पुन्हा ताणलं जात नाही. कण बाहेर काढून तापवला तर हा धोका राहत नाही.

आपल्या हवेत ऋतूवरूनही बराच अंदाज येतो. श्रावण-भाद्रपदात दिसतं ती बहुधा बुरशी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पांढरा थर दिसतो आणि दुपारी आपोआप जातो, तर ते कोणीतरी चोळलेलं खोबरेल तेल. बाटलीतलं खोबरेल ज्या थंडीत गोठतं, त्याच थंडीत चामड्यातलंही गोठतं, कारण ते साधारण २४-२५ अंशांना घट्ट होतं. पावसात काळा ओला दिसणारा डाग थंडीत पांढरा झाला, तर ते मीठ. घामाचं असेल, खाऱ्या वाऱ्याचंही असेल. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे मीठ शिरलेली जागा पावसाळाभर ओली राहते, आणि मग तिथेच बुरशी आधी धरते.

चरबीचा थर दिवस-रात्र, बाराही महिने टिकून असेल तर ती जुन्या वंगणातली घट्ट आम्लं आहेत. चामडं कमावताना घातलेली किंवा नंतर चोळलेली चरबी वर्षानुवर्षं फुटत जाते आणि तिचा घट्ट भाग वर येऊन बसतो. तो रोग नव्हे. कोरड्या मऊ फडक्याने हलक्या हाताने टिपून घ्या. काही महिन्यांनी परत थोडा येईल, परत टिपा. वरून नवं तेल घालणं थांबवलं की दरवेळी कमी येतो.

तिसरी : आजवर काय काय लावलंय?

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आजीला, काकूला, गावच्या घराची देखभाल करणाऱ्या माणसाला. खोबरेल, एरंडेल, बुटाचं पॉलिश, व्हॅसलीन, लिंबू, व्हिनेगर, डेटॉल, डांबराच्या गोळ्या, कापूर, धूप, हे सगळं मी ऐकलं आहे. लावणाऱ्याला दोष देऊ नका. प्रत्येकाने टोपी जपायलाच ते केलेलं असतं, आणि दोष दिला तर पुढचं खरं कळत नाही.

उत्तर महत्त्वाचं का, ते थोडक्यात. खोबरेल आणि एरंडेल कालांतराने खवट होतात, धूळ धरून ठेवतात आणि बुरशीला खाद्य पुरवतात. लिंबू आणि व्हिनेगर आधीच आम्लाने थकलेल्या चामड्यात आणखी आम्ल घालतात. डांबराच्या गोळ्यांनी कसर दूर राहते, पण ट्रंकेत नेहमी टाकतो तेवढ्यांनी बुरशी थांबत नाही, आणि काही प्लास्टिक त्या वाफेने मऊ पडतं. टोपीसोबत जुना गॉगल ठेवला असेल तर ही गोष्ट लक्षात घ्या. धुपाची काजळी शिवणीत जाऊन बसते आणि निघता निघत नाही.

तेल लावलेलं असेल तर आता करण्यासारखं एकच, आणखी लावू नका. साबण लावून तेल काढायला जाऊ नका. साबण अल्कधर्मी असतो, चामड्याला तो सोसत नाही.

चौथी : टोपी राहते कुठे?

टोपीची जागा बदलणं फुकट आहे आणि माझ्या अनुभवात निम्मा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

जांभ्याची भिंत पाऊस पिते आणि आतून ओल सोडत राहते. अशा भिंतीला पाठ लावून असलेल्या कपाटाच्या मागच्या फळीवर तळवा ठेवा. फळी गार आणि ओलसर लागली तर त्या कपाटात काहीच कोरडं राहणार नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पत्र्याची ट्रंक लादीवर टेकलेली असेल तर रात्री पत्रा गार होतो आणि आतल्या हवेतलं पाणी त्यावर सुटतं. ट्रंक लाकडी पाटांवर उचलून ठेवा. पोटमाळ्यावर कौलांची उष्णता आणि पागोळ्यांची ओल दोन्ही असतात, तिथे टोपी नकोच. चुलीवरच्या शिंकाळ्यातही नको. धुराने बुरशी कमी होते हे खरं, पण डांबरट थर चढतो आणि चामडं तडकतं.

वर्तमानपत्रात गुंडाळली असेल तर कागद आजच काढा. तो ओल धरतो, आम्ल सोडतो आणि शाई अस्तरावर उमटते. टोपी घडी करून किंवा पट्ट्याने खिळ्याला टांगून ठेवली असेल तर आत भरण घाला म्हणजे डोक्याचा आकार राहील. भरणासाठी जुना, अनेकदा धुतलेला मऊ पंचा किंवा मांजरपाट उत्तम. मांजरपाट नवा असेल तर आधी पाण्यात उकळून कांजी काढून टाका. कांजीवर बुरशीही येते आणि कसरही.

पाचवी : हवा मोजा

इथून थोडा खर्च सुरू होतो. साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं मापक, काही शेकड्यांत मिळतो. स्वस्त मापक चुकीचं दाखवू शकतं, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, जेमतेम ओलं होईल एवढं पाणी घाला, म्हणजे चिखलासारखं होईल, विरघळून जाणार नाही. हे झाकण आणि मापक एका घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते, हा मिठाचा गुणच आहे. मापक ८० दाखवत असेल तर ते पाच जास्त दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं. मापकाला मीठ लागू देऊ नका.

आता ते टोपीच्या जागी ठेवा. हवा ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा वाढत नाही. ७०च्या वर काही दिवस सलग राहिली की ती धरते. आपल्याकडे जुलैत घराबाहेरची हवा ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा बंद घरात वेगळं काय असणार! पुसलेली बुरशी दरवर्षी का परत येते, त्याचं कारण या आकड्यात आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते पुसून संपत नाहीत. ओलावा आवरला तरच ती थांबते. दुसऱ्या टोकाला, ४०च्या खाली दीर्घकाळ गेलं तर चामडं आखडतं. त्यामुळे ४५ ते ५५ हे आपलं लक्ष्य.

सहावी : डबा आणि सिलिका जेल

क्लिपचं घट्ट झाकण आणि कडेला रबरी पट्टी असलेला २० लिटरच्या आसपासचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी त्रिकोणात ५चा आकडा पाहा. ३चा असेल तर नको, त्या प्लास्टिकमधून आम्लधर्मी वाफ सुटू शकते.

औषधाच्या बाटलीत येते तसल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून काही होत नाही, हे आकड्यांनी सांगते. ३० अंशांना पूर्ण भिजलेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे २० लिटरच्या डब्यातल्या हवेत अर्धा-पाऊण ग्रॅम. ते किरकोळ. खरं पाणी चामड्यात असतं. पावसाळ्यात सादळलेली ३०० ग्रॅमची टोपी ५५ टक्क्यांवर आणायची तर तिच्यातून २५-३० ग्रॅम पाणी बाहेर यावं लागतं. सिलिका जेल या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी धरतं. म्हणजे दीडशे ग्रॅम तर टोपीलाच हवं. झाकणातून शिरणाऱ्या ओलीसाठी वेगळं.

मी सुरुवात १५० ग्रॅमने करते, सुती पिशवीत, टोपीला न चिकटवता. मापक डब्यात बाहेरून दिसेल असं ठेवते. दोन दिवसांनी आकडा ५५च्या वर असेल तर आणखी १०० ग्रॅम. ४५च्या खाली गेला तर एक पिशवी काढते. सगळं एकदम ओतू नका, चामडं झपाट्याने सुकलं तर शिवणी ओढल्या जातात. एरवी शाबूत असलेली टोपी अशी तडकलेली मी पाहिली आहे.

जेल रंग बदलणारं घ्या, पण निळं नको. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. नारिंगी घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पातळ थर पसरून दोनेक तास तापवा, ते पुन्हा कामाला येतं. त्यासाठी स्वयंपाकाचं ताट वापरू नका, वेगळं ठेवा.

आणि आता वेळेबद्दल, कारण इथे आपल्या घरांतली रीतच आड येते. सगळेजण आगोटीच्या सामानासोबत मे महिन्यात टोपी बांधून ठेवतात. मे महिन्यात आपली हवा गरम असते, कोरडी नसते. टोपी बांधायची ती थंडीत, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. मतलई वारा ओसरलेला असतो, खारे वारे सुरू व्हायचे असतात, आणि मापक वर्षातले सर्वांत कमी आकडे तेव्हाच दाखवतं. त्या हवेत टोपी दोन-तीन तास सावलीत मोकळी ठेवा आणि तिथेच डबा बंद करा. पुढे मेअखेर फक्त जेल बदलायचं. डबा उघडायचाच असेल तर पावसात उघडू नका.

जेल न घालता ओली टोपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा उघडी फळी बरी.

सातवी : साफसफाई

आधी तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी या कामाच्या जवळपासही येऊ नये. काम पडवीत, वारा तुमच्याकडून दूर वाहत असताना.

बुरशी ओली असेल तर हात लावू नका, ती फासली जाते आणि छिद्रांत शिरते. आधी जेलच्या डब्यात किंवा एसी असलेल्या खोलीत टोपी काही दिवस सुकू द्या. बुरा कोरडा आणि पुडीसारखा झाला की मऊ रुंद कुंचल्याने एकाच दिशेने, शिवणीच्या आतून बाहेर, झाडा. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून कुंचल्याशेजारी धरा, पण हेपा फिल्टर नसेल तर वापरू नका. तसा क्लीनर बीजाणू घरभर फेकतो. कुंचला नंतर साबणाने धुऊन वाळवा.

उन्हाबद्दल विचारतातच. कडक ऊन नको. अतिनील किरणांनी रंग उडतो आणि चामडं आकसतं. सावलीतला वारा पुरतो.

अल्कोहोल मी शक्य तितकं टाळते. बुरा झाडूनही वास राहिला आणि चामडं क्रोमचं, रंग पक्का असेल, तरच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला जेमतेम लावून, आधी न दिसणाऱ्या जागी करून पाहा. काडीवर रंग आला तर थांबा. आतल्या शिक्क्यांपासून तर लांबच राहा. ब्रिटिश टोप्यांच्या आत मुकुट आणि ए.एम. ही अक्षरं, किंवा २२सीने सुरू होणारा क्रमांक शाईने मारलेला असतो. ती शाई अल्कोहोलने पसरते, आणि टोपीची ओळख पटवणारा एकमेव पुरावा बहुतेकदा तोच असतो.

मिठाचे डाग असतील आणि पूड निघत नसेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या कापसाने नुसतं टिपा. चोळू नका, सावलीत वाळवा, दोन दिवसांनी पुन्हा टिपा. आतलं अस्तर शॅमॉयचं, म्हणजे तेलाने कमावलेल्या मऊ कातड्याचं असतं. सुटं शॅमॉय धुता येतं म्हणून अस्तर धुवायला जाणं चूक आहे. ते बाहेरच्या चामड्याला शिवलेलं आहे, दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि टोपी वेडीवाकडी होते.

धातू आणि रबर

पितळी बटणाभोवतीचा हिरवा गोळा म्हणजे कळंक. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, तसंच इथे चामड्यातल्या चरबीची आम्लं तांब्याशी जुळतात. जितकं तेल लावाल तितका कळंक जास्त. लाकडी दातकोरणीने गोळा उचलून काढा, कापसाने पुसा, झालं. चिंच, पितांबरी, ब्रासो यांतलं काहीही नको. ते बटणाच्या कडेने चामड्यात जातं आणि पुन्हा निघत नाही. लोखंडी भागावर गंज असेल तर त्याखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवून चामड्यापासून तो वेगळा ठेवा.

कानाच्या वाट्यांचं रबर तडकलेलं किंवा पाघळलेलं असेल तर त्यावर घरगुती उपाय नाही. ते चामड्याला चिकटणार नाही एवढं पाहा आणि सोडून द्या.

नकलेची टोपी असेल तर

पापुद्रे सुटून खाली कापडाची वीण दिसली तर ते चामडं नाहीच, वर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड आहे. दमट हवेत हा थर रासायनिकरीत्या तुटतो. त्यावर कुठलंही क्रीम चालत नाही, पैसे घालवू नका. खऱ्या चामड्याची नवी नकल असेल तर वरचे बहुतेक उपाय निर्धास्तपणे करता येतात, आणि शिवण उसवली तर गावातला चांगला चर्मकार ती नीट करून देईल.

सागरी महामार्गावर बुलेट चालवताना ही टोपी घालणारे हल्ली दिसतात, म्हणून इथेच सांगते. ही टोपी वारा, थंडी आणि आवाज अडवायला, आणि बोलण्याची नळी किंवा इअरफोन कानाशी धरायला बनली होती. डोक्याला मार लागला तर ती काहीही वाचवत नाही. दुचाकीवर आयएस ४१५१ या भारतीय मानकाची खूण असलेलं हेल्मेटच घाला.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

तांबूस पूड निघत असेल. अस्तर आणि चामडं यांच्या मधल्या थरात बुरशी गेली असेल, म्हणजे वरचे उपाय करून बाहेरून स्वच्छ दिसूनही वास येत असेल. चामडं आकसून लाकडासारखं झालं असेल. शिवणीचा दोरा चामडं कापत असेल. काळे किंवा गुलाबी डाग वरून झाडूनही जात नसतील. टोपीवर कोणाचं नाव किंवा हाताने लिहिलेलं काही असेल. किंवा सोबत लॉगबुक, पत्रं, फोटो असतील, म्हणजे ती त्या माणसाच्या नोंदीचा भाग असेल. यांतलं एकही खरं असेल तर घरी काही करू नका, फक्त कोरड्या डब्यात ठेवा.

जायचं ते वस्तुसंवर्धकाकडे, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे. चप्पल-बॅग दुरुस्त करणारा कितीही हुशार असला, तरी त्याची हत्यारं आणि गोंद नव्या चामड्यासाठी असतात. नवी शिवण घालायला तो जुनी भोकं मोठी करतो आणि कमकुवत कड तिथेच फाटते. ड्रायक्लीनरकडे तर मुळीच देऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, आणि लखनऊला सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे. मुंबई जवळ, म्हणून चौकशी आधी तिथे करा, चामड्याचं काम घेतात का किंवा कोणाकडे पाठवतात हे विचारा. पूड सुटणाऱ्या चामड्याला संवर्धक सेल्युलोजचं एक द्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. त्याने भुगा जागेवर बसतो, ताकद परत येत नाही. ते घरी करून पाहण्यासारखं काम नाही, कारण प्रमाण चुकलं तर पृष्ठभाग काळा आणि चकचकीत होतो.

टोपी नेताना कुरियरवर सोपवू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. भरण घालून, डब्यात, ताजं जेल घालून कोणीतरी हाताने न्यावी. सोबत एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्या : टोपी आजवर कुठे ठेवली होती, तिला काय काय लावलं होतं, आणि पांढरं पहिल्यांदा कोणत्या महिन्यात दिसलं. सुरुवातीला काढलेले फोटोही द्या.